‘गुन्हा कबूल आहे काय?’

दोषारोप वाचून दाखविल्यावर न्यायदंडाधिकारी आरोपीस विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आरोपीने गुन्हा केला आहे की नाही, यावर अवलंबून असावयास हवे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा त्याला जामीनदार मिळतो की नाही, यावरच ठरते.

किरकोळ चोरीच्या आरोपावरून चार महिने कोठडीत असलेल्या मजुराचा विचार करावा. गुन्हा नाकारल्यास तारखांमागून तारखा पडणार आणि तो आतच राहणार. कबूल केल्यास भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा होते. न्यायालयाने तेवढीच शिक्षा दिली, तर तो लगेच घरी जातो. निर्दोष म्हणून तुरुंगात राहावे, की गुन्हेगार म्हणून सुटावे? ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर पेटते, तो दुसरा मार्ग पत्करतो. जन्माचा शिक्का मात्र त्याच्या कपाळी बसतो.

हा धोका न्यायालयांना ठाऊक नव्हता असे नाही. मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागण्यात आला आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याच्या भावाची हमी नाकारण्यात आली. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर ताशेरे ओढले. सौम्य शिक्षेच्या आमिषाने निरपराध माणूसही कबुली देईल, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली गुजरातमधील एका खटल्यात दिला.

तरीही २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेची वाट कायद्यानेच मोकळी केली. खटल्यांचा ढीग पाहता तिचे समर्थन समजण्यासारखे आहे. कबुली स्वेच्छेची आहे की नाही, हे न्यायाधीशांनी आरोपीस एकांतात विचारावे, अशी तरतूदही आहे. परंतु कोठडीचा दबाव एकांतातही आरोपीसोबतच असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीस कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सामान्यतः मुक्तता मिळते. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे सुटकेसाठी वर्षभर थांबणे आले. कबुलीचा दरवाजा त्याआधीच उघडा असतो.

म्हणून कबुलीपूर्वी विधी साहाय्याचा वकील आरोपीस भेटलाच पाहिजे, आणि जामीन ऐपतीवर अडता कामा नये. तोवर अशा कबुलीजबाबांतून गुन्ह्यापेक्षा दारिद्र्यच अधिक सिद्ध होत राहील.