ताण हेच औषध

पुरुषांच्या भाल्याचं वजन अवघं ८०० ग्रॅम. पण नीरज चोप्राच्या हातातून तो सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. कुठून येतो हा वेग? धावणाऱ्या पायांतून, पिळलेल्या कमरेतून, खांद्यातून आणि शेवटी कोपरातून. खांदा पुढे झेपावतो, हात क्षणभर मागेच राहतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, कमालीचा ताणला जातो आणि बाहेरच्या बाजूची हाडं एकमेकांवर दाबली जातात. असं वर्षानुवर्षं, हजारो वेळा!

नीरज दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपत जिल्ह्याचा. भालाफेकीचे पहिले धडे त्याने गिरवले ते पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर. ३ मे २०१९ रोजी मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा हुकली. मग पटियाला आणि विजयनगरला पुनर्वसनाचे महिने. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याच हाताने ८७.८६ मीटर फेक केली आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पुढचं सुवर्णपदक आपण सगळ्यांनी पाहिलंच.

शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते. मग मधले आठ महिने शरीर काय करत असतं?

पहिलं काम सुरू होतं सुजेपासून. सूज म्हणजे दुखापतीचा उपद्रव, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावणं धाडतात. ‘विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच’ हा मंत्र १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरने लोकप्रिय केला. पुढे त्यानेच सांगितलं, की बर्फाने दुखणं कमी होतं, पण भरून येणं लांबूही शकतं.

मग येतं कोलॅजन, म्हणजे शरीराचा दोरखंड असणारं प्रथिन. सुरुवातीला शरीराला घाई असते. भिंतीला पडलेलं भगदाड पेंढा कोंबून बुजवावं, तसे तंतू वाटेल तसे, आडवेतिडवे भरले जातात. जखम बुजते खरी, पण या जोडात ताकद नसते. तंतू ओळीत लागायला हवेत, पण कोणत्या दिशेने? हे त्या बिचाऱ्या पेशींना कसं कळणार?

इथेच खरी कमाल आहे. पेशीच्या आवरणावर सूक्ष्म रेणू असतात. ते बाहेरच्या तंतूंना आकड्यांसारखे धरून असतात. तुम्ही हात हलवता, तंतू ओढले जातात, आकडे ओढले जातात आणि हा ओढा पेशीच्या आतल्या सांगाड्यातून थेट केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे जनुकं चालू-बंद होतात. नवं कोलॅजन तयार होतं आणि ते ओढ्याच्या दिशेनेच रचलं जातं! फिजिओने दिलेला तो साधा रबरी पट्टा ओढताना तुम्ही चक्क स्वतःच्या जनुकांशी बोलत असता. म्हणूनच नुसतं पडून राहणं महागात पडतं: ताणच नाही, तर निरोपही नाही. आणि ताण जास्त झाला, तर नवा जोड पुन्हा फाटतो. फिजिओथेरपीचं सगळं कसब या दोन टोकांमधली मात्रा शोधण्यात आहे.

आता गुडघ्याकडे या. गुडघ्याला मार लागला की मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. पण मार तर मांडीला लागलेलाच नसतो! संशोधकांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडंसं निर्जंतुक मिठाचं पाणी सोडून पाहिलं. ना जखम, ना फारसं दुखणं, तरी मांडीचा स्नायू मंदावला. सांधा फुगल्याची वार्ता मज्जारज्जूला पोचते आणि तो स्नायूला जाणारे हुकूमच कमी करतो. त्यामुळे फिजिओ आधी सूज उतरवतो, गरज पडली तर विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायूला जागं करतो, आणि मगच वजन उचलायला लावतो.

एक हात प्लास्टरमध्ये असेल तर? दुसऱ्याने व्यायाम करा! येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसून आलं होतं, की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या हाताची ताकद वाढते. स्वस्थ बसलेल्या हाताचा स्नायू त्यामुळे जाड होत नाही. वाढते ती मेंदूची हुकूम देण्याची क्षमता, आणि तिचा फायदा दोन्ही बाजूंना मिळतो.

आणि वेदना? मूल पडलं की आई लागलेली जागा चोळते. चोळल्याने बरं का वाटतं, याचं उत्तर मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. फिजिओच्या खोलीतलं झिणझिण्या आणणारं ‘टेन्स’ यंत्र याच तत्त्वावर चालतं. मात्र दुखणं थांबलं म्हणजे जोड पक्का झाला, असं नाही. गुडघ्यातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा पट्टा पहिल्या काही आठवड्यांनंतर उलट कमजोर होतो, कारण जुन्या पेशी मरतात आणि नव्या पेशी त्यात वस्तीला येतात. नेमकं याच काळात खेळाडूला वाटतं, की आपण बरे झालो! नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांना २०१६ साली आढळलं, की अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता घटत गेली; दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर सफदरजंग रुग्णालयात क्रीडा-दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झालं. पण पेशींना पदकं ठाऊक नसतात. गल्लीत क्रिकेट खेळताना मुरगळलेला घोटाही जोडला जातो तो याच नियमांनी. तेव्हा ‘दहा वेळा, तीन सेट, रोज’ हे ऐकून कंटाळा येईल, त्या दिवशी दहावी वेळ गाळू नका. पेशींना तो ताणाचा निरोप तुमच्याशिवाय दुसरं कुणीच पाठवू शकत नाही.