कापणीचे चार दिवस

दसरा झाला, भाताच्या लोंब्या दाराच्या तोरणात लागल्या. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याणच्या खाचरांत हळवं भात पिवळं पडलंय. आता घरोघरी एकच प्रश्न आहे : विळा कधी लावायचा? म्हणून आज आपण दसरा ते देवदिवाळी या दिवसांतल्या हवामानाविषयी बोलू.

आधी आमचीच चूक सांगतो. २०१९ ची दिवाळी. सणाआधी भात घरात यावं म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी एकमेकींच्या शेतात जाऊन दोन दिवसांत सगळी खाचरं कापली. कडपं शेतात पसरलेली आणि पाऊस आला. तेव्हा अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचं चक्रीवादळ होतं. ते आपल्या किनाऱ्याला लागलंही नाही, पश्चिमेला ओमानच्या बाजूला वळलं. पण त्या दिवसांत कोकणात पाऊस झाला आणि कापलेलं भात भिजलं. आम्ही पाण्यातून कडपं उचलली तेव्हा दाण्यांना कोंब आले होते, पेंढा काळा पडला होता. माणसांचं गेलं आणि गुरांचंही गेलं. तेव्हापासून आम्ही अंदाज ऐकल्याशिवाय विळा उचलत नाही.

मुंबई-ठाणे भागातून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात. सरासरी म्हणजे काही वर्षी आधी, काही वर्षी नंतर. शिवाय मोसमी पाऊस परतला म्हणजे पाऊस संपला, असं नाही. त्यानंतरचा पाऊस वेगळ्या वाटेने येतो, एवढंच.

आषाढ-श्रावणात ढग समुद्रावरून येतात. आश्विनात वारा फिरतो. सकाळी कडक ऊन पडतं, जमीन तापते, खाचरात अजून ओल असते. ती वाफ वर चढते आणि दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे डोंगर उभे राहतात. वरचा वारा पूर्वेचा असला की हे ढग माळशेज, नाणेघाट, आजोबाच्या डोंगरावरून संध्याकाळी खाली उतरतात. आपल्या आज्या ज्याला हत्तीचा पाऊस म्हणायच्या, त्या हस्त नक्षत्राच्या पावसाची हीच रीत : गडगडत येतो आणि तासाभरात खाचर भरून जातो. म्हणून सकाळचं निळं आभाळ बघून फसू नका. दुपारी तीननंतर पूर्वेकडे, डोंगराकडे बघा. भाजी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात बसलेली मैत्रीण फोनवर ‘इथे लख्ख ऊन आहे’ म्हणाली, तरी मुरबाडात विजा चमकत असू शकतात.

दुसरा धोका समुद्राचा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन वेळा अरबी समुद्रात वादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ वादळ अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं. म्हणजे गरवं भात कापायच्या वेळीही बेसावध राहून चालत नाही.

आता अंदाजाची भाषा. हवामान खात्याचं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हे वाक्य ऐकून आपण म्हणतो, मग काही नाही. पण तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजण्याच्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पाव हिश्श्यात. चार गावांतलं एक गाव आपलंही असू शकतं. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हटलं तर चारांतली तीन किंवा सगळीच. रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. कडपं पसरलेली असतील तर आमच्या गटासाठी पिवळा रंगही पुरेसा आहे.

हा अंदाज मिळतो कुठे? ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पीकसल्ला मराठीत येतो. ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय.

मैत्रिणींनो, कापायचं, वाळवायचं, भारे बांधायचे आणि उडवी रचायची, याला आपले चार दिवस लागतात. म्हणून फक्त आजचा अंदाज बघून उपयोग नाही. पुढचे चार दिवस कोरडे आहेत का, ते बघा. शंका असेल तर थांबा. पिकलेलं भात उभं असेल तर एखादी सर सोसतं. आडवं पडून पाण्यात राहिलं की कोंब धरतं. पण फार थांबलो तर दाणा झडतो, म्हणून ‘बघू नंतर’ हेही चालत नाही. आम्ही आता एका दिवशी तेवढंच कापतो, जेवढं वेळ आली तर संध्याकाळपर्यंत उचलून आणता येईल. प्लास्टिकचा कागद आधी आणून ठेवतो. एवढं करूनही भिजलंच, तर फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायकांना लगेच कळवून पंचनामा मागा.

विजेचं मात्र कधीही हसण्यावारी नेऊ नका. गडगडाट ऐकू आला की विळा खाली ठेवा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, शेतातल्या खोपटात नाही. वीज दिसल्यापासून तीस मोजायच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कुणावर वीज पडली तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. लगेच १०८ ला फोन करा.

पुढे वारा उत्तरेचा झाला, हिमालयात बर्फ पडू लागला की आपल्याकडे पहाटे दव पडतं. मग भारे सकाळी ऊन चढल्यावरच उचला, ओलं भात उडवीत रचलं तर आतून तापतं. आणि खाचरात ओल आहे तोवर वाल टाकून घ्या.

शेवटची गोष्ट. बऱ्याच घरांत मोबाइल त्यांच्या खिशात असतो आणि विळा आपल्या हातात. अंदाज एकाला कळतो, कापणी दुसरी करते. आमच्या गटात आता रोज संध्याकाळी एकजण अंदाज वाचते आणि सगळ्या ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही, त्या डोंगराकडचं आभाळ कसं होतं ते सांगतात. दोन्ही मिळून उद्याचं ठरतं. तुमच्या गटातही आजपासून सुरू करा. तुमचं भात कोरडं घरात येवो.