सरांचा ओरडा आणि खेळाडूचे अश्रू

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. दोनच आठवड्यांपूर्वी हाच संघ इंदूरमध्ये इंग्लंडकडून ४ धावांनी हरला होता. तो सलग तिसरा पराभव. त्यानंतर प्रशिक्षक अमोल मुजुमदार ड्रेसिंग रूममध्ये संघाला चांगलेच बोलले. कर्णधार हरमनप्रीत कौरने नंतर हे सांगितले, पण तक्रार म्हणून नव्हे. सरांचे बोलणे सगळ्यांनी मनावर घेतले होते.

एरवी वरिष्ठांचा ओरडा खाल्ला की माणूस गप्प होतो, चुका लपवू लागतो. ओरडा कधी लागू पडतो आणि कधी नाही?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधे देतानाच्या चुका कमी असतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात तिथेच जास्त चुकांची नोंद सापडली. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या कबूल करायची भीती नव्हती, असा उलगडा पुढे झाला. यालाच ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. ती असेल तर कडक शब्दही कामाविषयीचे वाटतात. नसेल तर साधी सूचनाही अपमान वाटते.

जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसवले होते. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. नंतर पत्रकारांसमोर, आपण चिंतेने ग्रासलो होतो, जवळजवळ रोज रडत होतो आणि मैत्रिणींनी सांभाळून घेतले, हे तिने मोकळेपणाने सांगितले. बाहेर बसण्याचे दुःख मुजुमदारांनाही कोणी समजावायला नको. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळता आला नाही.

ऑफिसातल्या टीम लीडरलाही हे जमू शकते. बोलावे ते चुकीबद्दल, माणसाबद्दल नव्हे. आधी कारण विचारावे, मग सुनवावे. स्वतःची चूक सर्वांदेखत मान्य करावी. आणि एखाद्या सहकाऱ्याची झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून थांबू नये. तज्ज्ञांकडे जायला सुचवावे. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.