शाळेच्या बसला सीट बेल्ट हवा का?

मंडळाच्या गेल्या स्नेहसंमेलनात एका भगिनींनी मला विचारले, "डॉक्टर, मोटारीत नातवाला पट्टा बांधल्याशिवाय आम्ही गाडी सुरू करत नाही. मग शाळेच्या बसमध्ये पट्टा का नाही?" अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढूनही मला त्याचे चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपणा इंदूरकरांना हा प्रश्न परका नाही. 5 जानेवारी 2018 रोजी मुलांना शाळेतून घरी सोडणारी एक बस बायपासवर दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. चार विद्यार्थी आणि चालक प्राणास मुकले. तेव्हापासून बसला दहा मिनिटे उशीर झाला तरी घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

अपघातात नेमके काय घडते ते प्रथम पाहू. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी बस आदळून थांबते. आतले मूल मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग 60 झाला, तर ही उंची चौदा मीटर होते. वेग दीडपट, पण आघात सव्वादोन पट. अशा वेळी समोरच्या आसनाचा दांडा हाताने धरून कोणतेही मूल स्वतःला सावरू शकत नाही.

मग अमेरिकेतील बहुतेक मोठ्या पिवळ्या बसगाड्यांत इतकी वर्षे पट्टे का नव्हते? तेथे 1977 पासून वेगळी योजना आहे. आसने जवळजवळ, त्यांच्या पाठी उंच आणि जाड गादीच्या. धक्का बसला की मूल त्या दोन गाद्यांमध्येच अडते. समोरासमोरच्या धडकेत ही योजना चांगली उपयोगी पडते. परंतु बाजूने धडक बसली किंवा बस उलटली, तर मूल आसनाबाहेर फेकले जाते. चॅटनूगा येथे 2016 साली झालेल्या अपघातात सहा मुले दगावली. त्यानंतर 2018 मध्ये तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मोठ्या बसमध्येही खांदा व कंबर दोन्ही धरणारे पट्टे असावेत, अशी शिफारस केली. आपल्याकडील अनेक बसमध्ये पाठी बुटक्या आणि वर लोखंडी दांडा असतो. तेथे पट्टाही नाही आणि ती गादीही नाही.

तथापि, केवळ कमरेचा पट्टा लावून समाधान मानणे धोक्याचे आहे. मुलांच्या कटीअस्थीचा उंचवटा पुरेसा वाढलेला नसतो. त्यामुळे पट्टा वर सरकून पोटावर येतो, शरीर त्यावरून पुढे वाकते आणि आतडे फाटणे किंवा कण्याच्या मणक्याचा आडवा अस्थिभंग होणे संभवते. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती की, अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा वळ दिसला, तर मूल हसत असले तरी त्याला लगेच घरी पाठवू नये. आतड्याची इजा काही तासांनी डोके वर काढते. पट्टा हवा तो तीन बिंदूंचा. त्याची खालची बाजू मांड्यांच्या वर, कटीवर टेकावी. वरची बाजू खांद्यावरून जावी, मानेवरून नव्हे.

आग लागली तर मुले अडकतील, ही शंका रास्त आहे. परंतु धडकेत बेशुद्ध झालेले मूल पट्टा नसतानाही बाहेर पडू शकत नाही. शुद्धीवर असलेल्या मुलाला पट्टा सोडायला शिकवता येते. लहानग्यांसाठी मदतनीस हवाच.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 मधील कलम 194-ब अन्वये 14 वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेणाऱ्या चालकास 1000 रुपये दंड आहे. कायदा आहे, अडचण वेगळीच आहे. पट्टा एका वेळी एकाच मुलाला बांधता येतो. दोघांच्या आसनावर तिघांना बसवायचे असेल, तर पट्टा अडगळच ठरणार. म्हणून पट्ट्याची मागणी ही खरे तर प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन मिळावे, अशी मागणी आहे. त्याने बसचे भाडे वाढेल, हे आपण पालकांनीही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भाडे कमी हवे आणि पट्टाही हवा, असे दोन्ही मागता येणार नाही.

त्या भगिनींना माझे उत्तर असे: होय, पट्टा हवा; पण तीन बिंदूंचा, प्रत्येक मुलाला स्वतंत्र आणि रोज बांधला जाणारा. येत्या सोमवारी नातवाला सोडायला जाल, तेव्हा बसमध्ये एकदा डोकावून पाहा. आसने किती आणि मुले किती, एवढेच मोजा. आकडे जुळले नाहीत, तर मुख्याध्यापकांना भेटायला मी आपल्याबरोबर येईन.