उच्च इथेनॉल मिश्रणाची चाचणी आणि नियामक मान्यता

उच्च इथेनॉल मिश्रणाची चाचणी म्हणजे प्रचलित प्रमाणापेक्षा अधिक इथेनॉल असलेले इंधन सर्वसामान्य विक्रीस खुले करण्यापूर्वी ठरावीक वाहनांत वापरून त्याचे परिणाम तपासण्याची प्रक्रिया होय. मिश्रणाचे प्रमाण ‘ई’ या अक्षरापुढील अंकाने दर्शवतात. उदाहरणार्थ, ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल व ८० टक्के पेट्रोल. अशा चाचण्यांसाठी अनेकदा शासकीय किंवा सार्वजनिक सेवेतील वाहने निवडली जातात. भारतात या प्रक्रियेचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात पार पडले. इथेनॉलचा एक प्रमुख स्रोत ऊस असल्याने लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या पाण्याशीही हा विषय निगडित आहे.

पार्श्वभूमी

भारतात पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासंबंधीचा कायदा १९४८ मध्ये झाला व २००० मध्ये तो रद्द करण्यात आला. २००१ मध्ये केंद्र शासनाने ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे होते. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ होता. या प्रयोगांनंतर १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण लागू झाले. मात्र उसाचे उत्पादन घटल्यामुळे २००४-०५ मध्ये इथेनॉलचा तुटवडा निर्माण झाला आणि कार्यक्रम मंदावला. २००६ मध्ये त्याचा पुन्हा विस्तार करण्यात आला. १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये, तर २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. २० टक्क्यांसाठी मूळ मुदत २०३० ही होती.

मान्यतेचे टप्पे

नव्या मिश्रणाला एकाच आदेशाने मान्यता मिळत नाही. तिचे साधारणपणे तीन भाग असतात.

पहिला भाग इंधनाच्या मानकाचा. भारतीय मानक ब्यूरो इंधनातील घटकांचे प्रमाण, शुद्धता व गुणधर्म निश्चित करते. ई-२० इंधनाचे मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा भाग वाहनाच्या अनुरूपतेचा. इथेनॉल पाणी शोषून घेते, तसेच रबर, प्लास्टिक व काही धातूंच्या भागांवर परिणाम करू शकते. त्यामुळे नळ्या, सील, टाकी व इंधनपंप यांची दीर्घकाळ तपासणी करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये वाहनांच्या नमुना-चाचणीचे अधिकार ठरावीक संस्थांना आहेत. त्यांत पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) व केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या महाराष्ट्रातील संस्थांचा समावेश होतो.

तिसरा भाग उत्सर्जनाच्या मर्यादांचा. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय अधिसूचनेद्वारे त्या निश्चित करते. ई-२० साठीची अधिसूचना मार्च २०२१ मध्ये निघाली.

शासकीय वाहनांची निवड

शासकीय किंवा महामंडळांच्या वाहनांची देखभाल, अंतर व इंधनवापर यांच्या नोंदी नियमित ठेवल्या जातात. एकाच बनावटीची अनेक वाहने उपलब्ध असल्यामुळे काहींत प्रचलित व काहींत नवे इंधन भरून थेट तुलना करता येते. इंधन ठरावीक आगारातच भरले जात असल्याने दोन इंधनांची सरमिसळ टळते. बिघाड झाल्यास त्याची जबाबदारी खासगी वाहनधारकावर येत नाही, हेही एक कारण आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नेब्रास्का राज्याला शासनाच्या मालकीच्या साध्या वाहनांत ई-३० वापरून पाहण्यास मान्यता दिली होती. ब्राझीलमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमधील इथेनॉलचे अनिवार्य प्रमाण २७ वरून ३० टक्के करण्यात आले.

महाराष्ट्रातील प्रयोग

ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी शहर बस सुरू झाली. स्कॅनिया या स्वीडिश कंपनीच्या या बसमध्ये ईडी-९५ हे इंधन वापरले जात असे. त्यात सुमारे ९५ टक्के इथेनॉल असते. उर्वरित भागात डिझेलसारख्या इंजिनात ज्वलन सुरू होण्यास मदत करणारे द्रव्य असते. ई-८५ व ईडी-९५ यांवरील वाहनांसाठी उत्सर्जनाची मानके त्यानंतर, २०१६ पर्यंत अधिसूचित झाली. नागपुरातील ही बससेवा २०१८ मध्ये थांबली. पुढे ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० इंधनाच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू करण्यात आला.

ई-२० चे निष्कर्ष आणि वाद

नीती आयोगाच्या जून २०२१ मधील आराखड्यानुसार, मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकी वाहनांत ई-२० मुळे इंधनक्षमता सुमारे ६ ते ७ टक्के, तर दुचाकींत ३ ते ४ टक्के घटते. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा प्रतिलिटर सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे त्यामागील कारण आहे. कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन मात्र दुचाकींत सुमारे ५० टक्के व चारचाकींत ३० टक्के कमी आढळले.

२०२५ मध्ये जुन्या वाहनांच्या मालकांनी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय असावा अशी मागणी केली. या आशयाची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मराठवाडा आणि पाण्याचा प्रश्न

वाहनचाचणीत इंजिन, सुटे भाग व धूर यांची तपासणी होते; कच्च्या मालासाठी लागणारे पाणी तिच्या कक्षेत येत नाही. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल तयार होण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. या हिशेबाने ४० लिटरच्या टाकीत ई-२० भरल्यास त्यातील ८ लिटर इथेनॉलमागे सुमारे २२,९०० लिटर, तर ई-३० भरल्यास १२ लिटरमागे सुमारे ३४,३०० लिटर पाणी असते. त्यातील काही भाग पावसाचा असतो.

लातूर जिल्ह्यात एकीकडे साखर कारखाने व उसाचे क्षेत्र आहे, तर दुसरीकडे दुष्काळ वारंवार पडतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. वरील प्रमाणानुसार एवढ्या पाण्यात उसाचे सुमारे १७५ लिटर इथेनॉल तयार होते. शिरूर अनंतपाळ तालुक्यात सिंचनाची भिस्त घरणी व साकोळ या मध्यम प्रकल्पांवर आणि विहिरी-विंधन विहिरींवर आहे, तर सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे.

पाऊस कमी झाल्यास त्याचा परिणाम इथेनॉलच्या पुरवठ्यावरही होतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले. २०२४-२५ च्या हंगामासाठी ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवण्यात आले. याच काळात धान्यापासून, विशेषतः मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा अधिक झाला. मक्याला उसाच्या तुलनेत बरेच कमी पाणी लागते. मात्र तो पशुखाद्य व कुक्कुटपालनासाठीही आवश्यक असल्याने त्याच्या दरावर इंधनाच्या मागणीचा परिणाम होतो.