जुनिपरला कात्री लावण्याआधी

२०१९ च्या जानेवारीत जपानच्या सैतामा प्रांतातल्या एका बागेतून सात बोन्साय चोरीला गेले. त्यांतला शिम्पाकू जातीचा एक जुनिपर चारशे वर्षांचा होता आणि त्याची एकट्याची किंमत एक कोटी येनच्या वर होती. बातमी जगभर पोचली ती मात्र मालकिणीने चोरांना केलेल्या विनंतीमुळे. झाडे कुठेही असोत, त्यांना पाणी घाला, एवढेच तिचे मागणे होते. पाण्यावाचून तो जुनिपर आठवडाभरही काढणार नाही, असे तिने सांगितले.

आता यात एक गंमत आहे. दुष्काळ सोसण्यात जुनिपरचा हात धरणारी झाडे फार थोडी. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात पिन्यॉन पाइन आणि जुनिपर शेजारी शेजारी वाढतात. २००२-०३ च्या दुष्काळात तिथल्या एका अभ्यासक्षेत्रातले नव्वद टक्क्यांहून अधिक पिन्यॉन वाळून गेले. जुनिपर बहुतांशी उभे राहिले. माती कोरडी पडू लागली की पिन्यॉन पर्णरंध्रे लवकर मिटून घेतो. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते आणि अन्न तयार होणेही थांबते. जुनिपर रंध्रे बराच काळ उघडी ठेवतो. कोरड्या मातीतून पाणी खेचताना जलवाहिन्यांवर प्रचंड ताण येतो, आणि बहुतेक झाडांत तो एका मर्यादेपलीकडे गेला की पाण्याचा धागा तुटून वाहिनीत हवा शिरते. मग ती वाहिनी निकामी. जुनिपरच्या वाहिन्या हा ताण कितीतरी जास्त झेलतात.

डोंगरात जो गुण तारतो तोच कुंडीत घात करतो. डोंगरावर मुळे खडकाच्या फटींतून लांबवर जाऊन ओल शोधतात. कुंडीत मूठ-दोन मूठ मातीत असेल तेवढेच पाणी, आणि हा पठ्ठ्या ते ओढत राहतो. त्यात भर म्हणजे जुनिपर मेलेला लवकर कळत नाही. मुळे संपल्यावरही पाने कित्येक आठवडे हिरवी दिसतात. 'परवापर्यंत तर छान होता' असे आपण म्हणतो तेव्हा तो महिन्यापूर्वीच गेलेला असतो.

बोन्सायचा विषय निघाला की 'झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात' असे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. जुनिपरच्या बाबतीत हे साफ चूक आहे. उपाशी जुनिपरला आकार देताच येत नाही. छाटणी, तार, साल सोलणे यांतले प्रत्येक काम त्याच्या शिल्लक ताकदीतून वजा होते, आणि ती ताकद कुठे साठलेली असते हे ठाऊक नसेल तर कात्री हातात घेऊ नये.

हरभऱ्याचा शेंडा खुडला की रोप फुटवे धरते, हे शेतीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ते का, याचा पहिला पक्का पुरावा १९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या शास्त्रज्ञांनी एका शेंगवर्गीय रोपावर मिळवला. त्यांनी शेंडा कापला आणि त्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावले. शेंडा नव्हता, तरी खालचे डोळे झोपलेलेच राहिले. म्हणजे शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारे ऑक्झिन बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवते. पुढे कळले की प्रकरण इतके सरळ नाही. मुळांकडून येणारे सायटोकायनिन डोळ्यांना जागे करते. डोळ्यांना दाबणारी आणखी काही संप्रेरके म्हणून २००८ मध्ये स्ट्रायगोलॅक्टोन ओळखली गेली. आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपावर एक मजेदार विसंगती दाखवली. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकते. पण शेंडा कापल्यावर खूप खालचे डोळे ऑक्झिन घटल्याची वार्ता तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधीच फुगू लागले. त्यांना जागे केले ते साखरेने. शेंडा साखर गिळत होता. तो गेल्याबरोबर ती साखर खालच्या डोळ्यांकडे वळली.

जुनिपरला हरभऱ्याचा न्याय लावला की घोटाळा होतो, तो इथेच. डोळ्याला साखर मिळायची तर मुळात डोळा हवा आणि साखर बनवणारी पानेही हवीत. जुन्या, उघड्या लाकडातून जुनिपर सहसा नवा कोंब काढत नाही. फांदीवर टोकाला चिमूटभर हिरवे उरले असेल तर ती जगते. तेवढेही काढले तर फांदी वाळते. वड-पिंपळाची फांदी ठुंठ केली तरी पावसाळ्यात पालवते, त्या अनुभवावर विसंबून कितीजणांनी जुनिपर मारले असतील. शिवाय पानझडी झाडे आपला बराचसा साठा खोडात आणि मुळांत नेऊन ठेवतात, तर सदाहरित सूचिपर्णी वृक्षांचा मोठा वाटा पानांतच असतो. जुनिपरची पाने कापली की कमाई आणि शिल्लक दोन्ही एकदम कापली जातात.

तरीही अनेक वर्षे पुस्तके आणि शिकवणारे सांगत आले, की जुनिपरची टोके हंगामभर बोटांच्या चिमटीने खुडत राहा, म्हणजे झाड दाट होईल. झाड दाट दिसते हे खरे. पण सगळी टोके एकाच वेळी गेली की नव्या वाढीची केंद्रे जातात, खुडलेली जागा तपकिरी पडते आणि दोन-तीन वर्षांत आतल्या फांद्या निस्तेज होऊ लागतात. माझ्या मते ही सवय आपल्या बोन्साय वर्गांतून कायमची हद्दपार व्हायला हवी. आता जाणकार वेगळे करतात. कोंब मोकळेपणी लांबू देतात. झाड जोमात आले की हिरव्या गादीबाहेर गेलेले लांब, जाड कोंब तेवढे अणकुचीदार कात्रीने आत, बगलफुटीपर्यंत कापतात. दुबळ्या कोंबांना हात लावत नाहीत. बेचक्यांतून खाली लोंबणारी आणि जुनी पिवळी पडलेली पाने काढतात, कारण जुनिपर उन्हाचा भुकेला आहे आणि सावलीत पडलेला आतला कोंब तो स्वतःच सोडून देतो. तो आतला कोंब जपायचा असतो. उद्या फांदी आखूड करायची झाली तर मागे कापायला जागा तिथेच असते.

अतिरेकाची खूण झाड स्वतः दाखवते. जुनिपरच्या रोपाला आधी टोचरी, सुईसारखी पाने येतात. प्रौढ झाल्यावर चायनीज जुनिपरसारख्या जातींत खवल्यांसारखी मऊ पाने येतात. फार छाटणी झाली की प्रौढ झाड पुन्हा सुया काढू लागते, जणू वय विसरल्यासारखे. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपावर २०१३ मध्ये दिसून आले, की साखर कमी पडली की बाल्यावस्था लांबवणारा एक सूक्ष्म-आरएनए वाढतो. छाटणीनंतर काट्यांनी भरलेला जुनिपर पाहिला की मला तो प्रयोग आठवतो. अशा वेळी काटे कुरूप दिसतात म्हणून ते कापणे हा दुसरा गुन्हा. त्यांना वाढू द्यावे, खत-पाणी-ऊन द्यावे. एक-दोन हंगामांत खवले परततात.

जुनिपरचे खरे आश्चर्य मात्र त्याच्या खोडात आहे. प्रदर्शनातल्या शिम्पाकूचे खोड पाहिले तर तीन चतुर्थांश भाग हाडासारखा पांढरा, सोललेला, मेलेला असतो. त्यावरून तांबूस सालीची एक पट्टी पिळा घेत वर जाते आणि तिच्या टोकाला गर्द हिरवा पर्णसंभार. जपानी बोन्सायकार खोडावरच्या मेलेल्या भागाला शारी म्हणतात आणि वाळलेल्या फांदीला जिन. पाहणाऱ्याला वाटते, एवढे मेल्यावर हे जगते कसे?

याचे उत्तर कॅनडातल्या कड्यांवर मिळाले. नायगरा कड्याच्या उभ्या चुनखडीवर थुजा नावाची झाडे वाढतात; जुनिपरच्याच सायप्रस कुळातली. गुल्फ विद्यापीठाच्या डग्लस लार्सन आणि सहकाऱ्यांना तिथे हजार वर्षांहून जुनी खुरटी थुजा सापडली. त्यांनी वेगवेगळ्या मुळांतून रंग शोषू दिले, तेव्हा रंग खोडभर पसरले नाहीत. प्रत्येक मुळाचा रंग आपापल्या उभ्या पट्टीतून ठरावीक फांद्यांपर्यंतच गेला. बाहेरून एक दिसणारे झाड पाण्याच्या हिशेबात अनेक स्वतंत्र पट्ट्यांचे होते. दरड कोसळून एक मूळ उघडे पडले तर त्याची पट्टी आणि तिच्या फांद्या मरतात, बाकीच्यांचे काही बिघडत नाही. जिवंत पट्टीखाली दरवर्षी नवे लाकूड भरत जाते, मेलेला भाग तेवढाच राहतो. म्हणून काही वर्षांनी पट्टी शिरेसारखी फुगून वर येते.

बोन्सायकार शारी कोरतो तेव्हा तो याच रचनेवर भरवसा टाकत असतो. पण आधी कोणती फांदी कोणत्या मुळावर जगते हे शोधावे लागते. त्यासाठी ब्रशने सैल साल घासून काढतात आणि पट्टीचा माग काढत खाली जातात. चुकून मुख्य पट्टी तोडली की वरची देखणी फांदी गेली. शहाणे लोक एका बैठकीत सगळी साल सोलत नाहीत. यंदा बोटभर रुंदीची रेघ, झाडाने ती पचवली की पुढच्या वर्षी थोडी अधिक.

निसर्गात हे काम बर्फ, दरडी आणि वारा करतात. निइगाता प्रांतातल्या इतोइगावा परिसरातल्या चुनखडीच्या कड्यांवर असे शिम्पाकू वाढत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराला लटकून ते उपटून आणणाऱ्यांनी कडे जवळजवळ रिकामे केले. आज विकले जाणारे इतोइगावा बहुतेक फाट्यांपासून वाढवलेले आहेत. त्याच काळात, १९२३ च्या भूकंपानंतर, टोकियोतले बोन्सायवाले उत्तरेला ओमिया इथे गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्साय गाव वसले. प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय, कुंपण जिवंत झाडांचे आणि घर दुमजली नाही, असे त्या गावाचे नियम होते. डोंगरातून जुने खोड मिळेनासे झाल्यावर कड्याचे काम माणसाने हाती घेतले. ओमियातच १९४० मध्ये जन्मलेल्या मासाहिको किमुरा यांनी तर यंत्राची कोरणी वापरून शिम्पाकूची खोडे अशी घडवली, की परंपरावाल्यांच्या भुवया उंचावल्या आणि नंतर त्यांनीच ती तंत्रे उचलली.

कोरलेले लाकूड कुजत कसे नाही? जुनिपरच्या गाभ्यात सेड्रॉलसारखी सुगंधी रसायने असतात. बुरशी आणि कीड दोघांनाही ती मानवत नाहीत. वर लाइम सल्फरचा हात देतात. आपल्या द्राक्षबागायतदारांना परिचित असलेले हे औषध लाकडाला सडक्या अंड्यांचा वास आणते, पण सुकल्यावर पांढरेपणाही देते आणि बुरशी रोखते. मात्र संरक्षण असते ते गाभ्याला. कोवळ्या झाडाचे बाहेरचे फिके लाकूड दमट हवेत लवकर मऊ पडते, विशेषतः मातीला टेकते तिथे. कोकण-गोव्याच्या पावसात जिनचा हौशी कारखाना काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तारेबद्दल थोडक्यात. तापवून मऊ केलेली तांब्याची तार वळवताना ताठ होत जाते, म्हणून जाड फांद्यांना ती बरी. शिकणाऱ्याने ॲल्युमिनियम वापरावे. फांदी वाकवली की आतल्या पेशी काही ताणल्या जातात, काही चिरडतात, आणि पुढच्या महिन्यांत भरणारे नवे लाकूड तिला नव्या जागी पक्के करते. पण सूचिपर्णी वृक्ष वाकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला दाट, लिग्निनयुक्त लाकूड भरतात आणि ते फांदीला वर ढकलते. म्हणून तार काढल्यावर फांदी थोडी उचलते आणि पुन्हा बांधावी लागते. तार सालीत रुतण्याआधी काढा. पीळ काढत ओढू नका, तुकडे करून काढा.

आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत मिळणारा जुनिपर शिम्पाकूइतका दिमाखदार नसला तरी शरीरधर्म तोच. त्याला दिवाणखान्यात ठेवू नये. उन्हावाचून तो हळूहळू मरतो. एप्रिल-मे मध्ये लाल कोळी लागतो, तेव्हा पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघावी आणि पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारत राहावे. माती भरड हवी, कारण कुंडीच्या तळाशी पाण्याचा जो थर साचून राहतो त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर ठरत नाही. उथळ कुंडीत बारीक माती भरली तर निम्मी मुळे कायम चिखलात राहतात. मोठी छाटणी हिवाळ्यात करावी, आणि ज्या वर्षी ती केली त्या वर्षी मुळांना हात लावू नये. कार्यशाळांमध्ये एका दुपारी छाटणी, तार आणि कुंडीबदल असे तिन्ही उरकून हातात 'तयार बोन्साय' देतात. फोटो छान येतो, झाड बहुधा पुढचा उन्हाळा पाहत नाही. तुम्ही रोपवाटिकेतून जुनिपर आणलाच असेल, तर कात्री वर्षभर बाजूला ठेवा आणि आधी त्याला उन्हात मनसोक्त वाढू द्या.