बघणारा कोण, हे क्रियापदाला विचारा

‘सुमन लताला म्हणाली, की तिच्या सासूने तिची साडी नेली.’ सासू कुणाची आणि साडी कुणाची? मराठीत असल्या वाक्यावर भांडणं होऊ शकतात. ओजिब्वे भाषेत हा गुंता सहसा होत नाही, कारण तिथल्या व्याकरणाने त्याची सोय आधीच लावून ठेवली आहे.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर, ह्यूरन, मिशिगन या महासरोवरांच्या परिसरात आणि तिथून पश्चिमेला ओजिब्वे लोकांची वस्ती आहे. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. त्यांची भाषा अल्गॉन्क्वियन कुळातली. या भाषेत नामांचे दोन वर्ग पडतात, सजीव आणि निर्जीव. दगड सजीवांत, ढोलही सजीवांत. रासबेरी सजीव, पण स्ट्रॉबेरी निर्जीव! यामागे श्रद्धा किती आणि निव्वळ परिपाठ किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. भाकरी ‘ती’ आणि भात ‘तो’ का, याचं उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे?

खरी गंमत पुढे आहे. बोलण्यात दोन सजीव ‘तो’ किंवा ‘ती’ एकत्र आले, की त्यांतला एक केंद्रस्थानी राहतो आणि दुसऱ्याच्या नामाला प्रत्यय लागून तो कडेला सरकतो. या कडेच्या माणसाला काही जण ‘चौथा पुरुष’ म्हणतात. ‘इक्वे’ म्हणजे बाई, ‘इनिनी’ म्हणजे पुरुष. ‘इक्वे ओवाबमान इनिनिवन’ म्हणजे बाई पुरुषाला बघते. ‘-वन’ लागल्यामुळे पुरुष कडेला गेला. आता पुरुषाने बाईला बघितलं तर? नामं जशीच्या तशी राहतात. बदलतं फक्त क्रियापद, ‘ओवाबमिगोन’. केंद्राकडून कडेकडे जाणारी क्रिया सरळ, कडेकडून केंद्राकडे येणारी उलटी. त्यामुळे शब्द कुठल्याही क्रमाने ठेवा, अर्थ ढळत नाही. ‘अमक्याचे वडील’ म्हणताना वडिलांना कडेलाच जावं लागतं. मुलगा कितीही लहान असो, व्याकरणात तो केंद्रस्थानी!

‘मी’ आणि ‘तू’ समोरासमोर आले की मान ‘तू’चा. ‘गिवाबम’ म्हणजे तू मला बघतोस, ‘गिवाबमिन’ म्हणजे मी तुला बघतो. बघणारा बदलला, तरी सुरुवातीचा ‘गि’ तुझाच. कोण कोणाला बघतं, ते शेपटीवरून कळतं. आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखा भेदही या भाषेत आहे. ‘गीनविंद’मध्ये ऐकणारा धरलेला, ‘नीनविंद’मध्ये वगळलेला. हिंदीच्या ‘हम’ला हे जमत नाही. ऐकणारा आत आला, की इथेही ‘गी’ हजर.

१८५० साली फ्रेडरिक बरागा या स्लोव्हेनियन मिशनऱ्याने या भाषेचं व्याकरण छापलं. पुढे भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३८ मध्ये अँड्र्यू मेडलर या भाषकाकडून ऐकून पूर्वेकडच्या ओजिब्वेची नोंद केली. ब्लूमफील्ड यांच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. ब्लूमफील्ड पाणिनीचे निष्ठावान वाचक होते, आणि अल्गॉन्क्वियन भाषांवरच्या त्यांच्या काटेकोर, सूत्रबद्ध लेखनात ते दिसतं.

याच काळात निवासी शाळांत ओजिब्वे मुलांना घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली, पण तोवर अनेक घरांतली बोलण्याची साखळी तुटली होती. आता विस्कॉन्सिनमध्ये मुलांना सगळे विषय ओजिब्वेतून शिकवणारी शाळा चालते, आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन शब्दकोशात ज्येष्ठ भाषकांच्या आवाजातले शब्द ऐकता येतात. पण नुसते शब्द पाठ करून भागत नाही. लांबलचक गोष्टीत केंद्रस्थानचा माणूस मध्येच बदलतो, आणि सांगणाऱ्याने तो कधी बदलायचा, हे पोरांना गोष्टी ऐकूनच उमगतं.